आनुवंशिक उपचार व गुणवर्धन : नैतिक विचार

रोगनिवारणासाठी जीनांत (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या एककांत) केलेला बदल म्हणजे आनुवंशिक उपचार, तर निरोगी व्यक्तीची उंची, बल, स्मृती इ. गुण सर्वसाधारण पातळीच्या वर नेण्यासाठी केलेला बदल म्हणजे आनुवंशिक गुणवर्धन. पहिल्यास बहुतेक विचारवंत अनुकूल आहेत. दुसऱ्याविषयी तीव्र मतभेद आहेत. याखेरीज आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. शरीरकोशिकांतील बदल रुग्णापुरता राहतो; जननकोशिका वा भ्रूण यांतील बदल पुढील पिढ्यांत उतरतो व त्या पिढ्यांची संमती घेता येत नाही.

महाराष्ट्रातील सिकलसेल पांडुरोगाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इ. जिल्ह्यांतील गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या जमातींत व विदर्भातील काही अनुसूचित जातींत हा रोग आढळतो. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने तांबड्या रक्तकोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रोगी होण्याची शक्यता २५% असते. मात्र एकच सदोष जीन असलेल्या वाहकास फॅल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे ‘दोष’ आणि ‘गुण’ ही विशेषणे परिस्थितिसापेक्ष ठरतात.

२०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिका या देशांत मान्यता मिळालेल्या उपचारात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूल कोशिकांत बदल करून गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाची निर्मिती पुन्हा सुरू केली जाते. येथे मूळचा सदोष जीन दुरुस्त होत नाही. प्रौढ शरीरात सामान्यतः फारसे नसणारे द्रव्य वाढविले जाते. तरीही हेतू वेदना व अकाली मृत्यू टाळण्याचा असल्याने त्यास कोणी गुणवर्धन म्हणत नाही. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत सु. २२ लक्ष डॉलर होती. आहुपे (ता. आंबेगाव, जि. पुणे) यांसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावरील आदिवासी गावांतील कुटुंबास अशी किंमत अशक्यप्राय होय. उपचाराचीच वाटणी इतकी विषम असेल, तर विकत मिळणारे गुणवर्धन ही विषमता जन्मजात करील, असा आक्षेप घेतला जातो.

लसीकरणही निरोगी शरीराची क्षमता वाढवितेच, म्हणून दोहोंमधील सीमारेषा कृत्रिम आहे, असे गुणवर्धनाचे समर्थक म्हणतात. ज्यूलियन सॅव्ह्युलेस्क्यू यांच्या मते शक्य तितके चांगले जीवन लाभेल असे अपत्य निवडणे हे पालकांचे कर्तव्यच होय. मायकेल सँडल यांनी याउलट, अपत्याकडे देणगी म्हणून पाहण्याची वृत्ती यामुळे लोपेल, असे प्रतिपादिले आहे.

‘चांगले’ कोणी ठरवायचे, हा या वादातील कळीचा प्रश्न आहे. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार केला होता. पुढे नाझी जर्मनीत याच विचाराच्या नावाखाली सक्तीची निर्बीजीकरणे झाली. सक्ती नसली तरी रूढ पसंती तेच काम करू शकते. आनुवंशिक विकार ओळखण्यासाठी आलेल्या गर्भजलपरीक्षेचा उपयोग मुलीचा गर्भ टाळण्यासाठी होऊ लागल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला नियामक कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. निदानाचे तंत्र निवडीचे साधन कसे बनते, हे यावरून दिसते.

चीनमध्ये २०१८ साली हे ज्यानक्वे यांनी एड्सच्या विषाणूस प्रतिकार व्हावा म्हणून निरोगी भ्रूणांत बदल केल्याचे जाहीर केले. त्यांना २०१९ मध्ये तीन वर्षांची कैद झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जननकोशिकांवरील जीनोपचारास मनाई केली आहे.

उपचार व गुणवर्धन यांमधील रेषा जीवविज्ञान पूर्णतः आखून देऊ शकत नाही. दुःख किती कमी होते, संमती कोणाची आहे व लाभ कोणापर्यंत पोहोचतो, या कसोट्यांवर प्रत्येक प्रसंगी स्वतंत्र निर्णय करणे आवश्यक ठरते.