दोन हंगामांची लीग

बर्फाच्या कठीण पृष्ठभागावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळला जाणारा आइस हॉकी हा खेळ कॅनडाच्या लोकजीवनाशी एकरूप झालेला आहे. या खेळात चेंडू नसतो. त्याऐवजी कठीण रबराची एक चपटी चकती असते. एका संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी मैदानात उतरतात आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत सामना पूर्ण होतो. भारतातही लडाखमधील गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो. कॅनडात मात्र तो हजारो मुलांच्या भवितव्याचा प्रश्न ठरत आला आहे. साधारणतः विसाव्या वर्षापर्यंतच्या खेळाडूंच्या स्पर्धांना तेथे ‘ज्युनियर’ हॉकी म्हणतात. पहिल्या महायुद्धात प्राण वेचलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला ‘मेमोरियल कप’ हा या वयोगटातील सर्वोच्च सन्मान होय.

याच ज्युनियर हॉकीच्या इतिहासात ‘मेट्रो ज्युनियर ए लीग’ या नावाची एक स्पर्धा होऊन गेली. तिला अवघे दोन हंगाम लाभले, १९६१-६२ आणि १९६२-६३. एवढ्या अल्पजीवी स्पर्धेची दखल का घ्यावी, असे कोणास वाटेल. परंतु शिकण्याच्या वयातील मुलाने खेळासाठी किती द्यावे, हा जो प्रश्न या लीगच्या जन्माशी निगडित होता, तो आजही जुना झालेला नाही.

त्या काळी ज्युनियर संघ पूर्णपणे स्वतंत्र नसत. नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेत तेव्हा सहाच संघ होते आणि देशभरातील ज्युनियर संघांना त्यांचाच आश्रय असे. व्यावसायिक संघाने एखाद्या होतकरू मुलाची ‘सी-फॉर्म’ नावाच्या करारावर सही घेतली, की त्या मुलाचे हॉकीतील भवितव्य त्या संघाशी बांधले जाई. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची सही लागे. अशा रीतीने ज्या वयात शाळेचा अभ्यासक्रमही पुरा झालेला नसे, त्या वयातच मुलाच्या व्यवसायाचा निर्णय होऊन जाई.

टोरांटो शहरातील सेंट मायकेल्स ही शाळा या व्यवस्थेतच वाढलेली, तरीही काहीशी वेगळी अशी संस्था होती. बॅसिलियन पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी १८५२ मध्ये स्थापन केलेल्या या शाळेच्या ‘मेजर्स’ संघाला टोरांटो मेपल लीफ्स या व्यावसायिक संघाचा आधार होता. १९३४, १९४५, १९४७ आणि १९६१ असा चार वेळा या संघाने मेमोरियल कप जिंकला. १९६१ च्या विजयाच्या वेळी फादर डेव्हिड बाउर हे संघाचे प्रशिक्षक होते.

यशाच्या या शिखरावर असतानाच शाळेच्या चालकांना एक चिंता भेडसावू लागली होती. ऑन्टारिओ प्रांताच्या ज्युनियर स्पर्धेचा हंगाम दीर्घ होता. परगावच्या सामन्यांसाठी मुलांना वारंवार प्रवास करावा लागे, रात्री उशिरा परतावे लागे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसावे लागे. त्यातच १९६१ मध्ये मॉन्ट्रियलचा संघ या स्पर्धेत दाखल झाला. टोरांटोहून मॉन्ट्रियल पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. विद्यार्थी म्हणून शाळेत आलेला मुलगा खेळाडू म्हणूनच अधिक जगू लागला, तर शाळेचे प्रयोजन काय, असा हा पेच होता.

या परिस्थितीत १९६१ मध्ये ऑन्टारिओच्या ज्युनियर स्पर्धेची विभागणी होऊन मेट्रो लीग अस्तित्वात आली. तिच्यामागे मेपल लीफ्सचे स्टॅफर्ड स्माइथ यांचा पुढाकार होता. पहिल्या हंगामात सेंट मायकेल्स आणि मार्लबरोज हे टोरांटोचे दोन बलाढ्य संघ, तसेच ब्रॅम्प्टन, युनियनव्हिल व व्हिटबी येथील संघ, असे पाच संघ सहभागी झाले. सर्व गावे टोरांटोच्या परिसरातील असल्यामुळे प्रवास कमी झाला. सामन्यांची संख्याही मर्यादित ठेवण्यात आली. लीगच्या विजेत्याने मूळ स्पर्धेच्या विजेत्याशी लढून प्रांताचे अजिंक्यपद ठरवावे, अशी योजना होती. पहिल्या वर्षी सेंट मायकेल्सने लीग जिंकली. मात्र पुढे हॅमिल्टनच्या संघाकडून त्यांना हार पत्करावी लागली.

प्रवास घटला, तरी शाळेच्या मनातील शंका फिटली नाही. १९६२ मध्ये सेंट मायकेल्सने या स्तरावरील हॉकीतून माघार घेतली. चार मेमोरियल कप मिळवलेल्या शाळेने स्वेच्छेने मैदान सोडावे, ही घटना असाधारण होती. संघातील बरेचसे खेळाडू टोरांटोच्याच नील मॅकनील या कॅथलिक शाळेच्या ‘मरून्स’ संघात गेले. दुसऱ्या हंगामात त्याच संघाने लीग जिंकली. परंतु प्रांतिक अंतिम फेरीत त्यालाही नायगारा फॉल्सच्या संघापुढे नमते घ्यावे लागले.

याच दुसऱ्या हंगामात ओशावा गावाचा ‘जनरल्स’ संघ लीगमध्ये आला. १९५३ मध्ये बर्फगृहाला लागलेल्या आगीनंतर हा संघ बंद पडला होता. पुनरुज्जीवित संघात पॅरी साउंड या लहान गावातील चौदा वर्षांचा बॉबी ऑर होता. बॉस्टन ब्रुइन्सने त्याला करारबद्ध केले होते. तो आपल्या गावीच राहून शाळेत जाई आणि सामन्यांपुरता लांबचा प्रवास करून येई. वयाने कितीतरी मोठ्या खेळाडूंविरुद्ध ३४ सामन्यांत त्याने ६ गोल केले. पुढे तो आइस हॉकीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक म्हणून गणला गेला. त्याचे उदाहरण जितके प्रेरक, तितकेच विचार करायला लावणारे आहे. कारण तसाच प्रवास करणाऱ्या असंख्य मुलांच्या वाट्याला ती कीर्ती येत नाही.

१९६३ मध्ये लीग विसर्जित झाली. एकाच महानगराच्या परिसरातील मोजक्या संघांमध्ये बलाबलाचे अंतर मोठे होते आणि एका व्यावसायिक संघाच्या छायेत उभी राहिलेली स्पर्धा स्वतःच्या पायांवर स्थिर होऊ शकली नाही. मार्लबरोज आणि ओशावा हे दोन संघ ऑन्टारिओच्या मूळ स्पर्धेत सामील झाले. मरून्सचे खेळाडू मार्लबरोजकडे आले आणि १९६४ मध्ये त्या संघाने मेमोरियल कप पटकावला. इतर संघांना त्या स्तरावर स्थान उरले नाही.

लीग संपली, तरी प्रश्न संपला नाही. फादर बाउर १९६१ मध्येच व्हँकुव्हरला गेले होते. तेथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेत खेळणाऱ्या तरुणांचा राष्ट्रीय संघ उभारला. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला; १९६८ मध्ये ग्रेनोबल येथे कॅनडाच्या राष्ट्रीय संघाने कांस्यपदक मिळवले. दुसरीकडे, १९६३ मध्ये खेळाडूंच्या निवडीची नवी ‘ड्राफ्ट’ पद्धत सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ज्युनियर संघांना आश्रित ठेवण्याची जुनी व्यवस्था मागे पडली. पुढे ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या हंगामांच्या प्रमाणात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याची प्रथाही रूढ झाली. १९९७ मध्ये सेंट मायकेल्सचा संघ पुन्हा ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगमध्ये उतरला.

मेट्रो लीगने अंतर कमी केले, सामने कमी केले. परंतु वेळापत्रक बदलल्याने मूळ प्रश्न सुटला नाही. जोपर्यंत मुलाचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती होते, तोपर्यंत प्रवासाचे तास कमी करून फारसे साधण्यासारखे नव्हते. खेळाचे दिवस मोजके असतात आणि त्यानंतरचे आयुष्य मोठे असते. त्या आयुष्याची तयारी करण्यास मुलाला अवसर मिळाला की नाही, ही कोणत्याही क्रीडाव्यवस्थेची खरी कसोटी होय.