प्रत्यारोपणानंतर त्वचेकडेही लक्ष हवे

नवी मुंबईतील रुग्णालयांत आता मूत्रपिंड आणि यकृताचे प्रत्यारोपण होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण क्रिएटिनिनचा आकडा न चुकता तपासतो. अंगावरच्या चामखिळीकडे मात्र दुर्लक्ष होते. तिथेच सावध राहायला हवे.

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. एरवी ही शक्ती त्वचेतील विषाणूंना आणि बिघडलेल्या पेशींना आवर घालते. पहारा सैल झाला, की दोघांचेही फावते. गोऱ्या वर्णाच्या रुग्णांत ‘स्क्वॅमस सेल’ प्रकारच्या त्वचाकर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या ६५ ते १०० पट आढळला आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिनमुळे हा धोका बराच कमी असतो, पण टळत नाही. सावळ्या त्वचेत गाठ ऊन न लागणाऱ्या भागावर, जननेंद्रियांजवळही उद्भवू शकते आणि तिथे एचपीव्ही विषाणूचा संबंध अनेकदा दिसतो.

त्वचेवरील ‘बीटा’ गटाचे एचपीव्ही उन्हाने झालेली डीएनएची मोडतोड दुरुस्त होण्यात अडथळा आणतात, असे संशोधक मानतात. गाठ वाढल्यावर विषाणू तिथे सापडेलच असे नाही. त्यामुळे त्याचा दोष सिद्ध करणे अवघड जाते. इतर दोन कर्करोगांत पुरावा अधिक ठोस आहे. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने १९९४मध्ये कापोसी सार्कोमामागचा हर्पिस गटातील विषाणू शोधला, तर २००८मध्ये मर्केल पेशींच्या दहापैकी आठ गाठींत नवा पॉलिओमा विषाणू दाखवून दिला.

मग करायचे काय? महिन्यातून एकदा तळपायापासून टाळूपर्यंत त्वचा पाहावी. तोंड आणि जांघाही तपासाव्यात. न भरणारी जखम, झपाट्याने वाढणारी चामखीळ किंवा जांभळट डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. वर्षातून एकदा त्यांच्याकडून तपासणी करून घ्यावी. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन वापरावे. एचपीव्हीची लस जननेंद्रियांच्या एचपीव्हीवर उपयोगी पडते, ‘बीटा’ गटावर नाही. ती प्रत्यारोपणापूर्वी घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.

मात्र कर्करोगाच्या भीतीने औषधे स्वतःहून बंद करू नका. मिळालेला अवयव गमवावा लागेल. गरज पडल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा सिरोलिमससारखे औषध देतात. औषध बदलल्यावर कापोसीच्या गाठी विरल्याचीही उदाहरणे आहेत.