टेबलावरचं रणांगण – भाग ७ : आधी बैठक, मग गोंद

मागच्या भागात आपण सैनिकांवरच्या साच्याच्या रेघा घासून काढल्या आणि त्यांना साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत ठेवलं. आता त्यांना उभं करायचं. इथे बहुतेकांचा हात आधी गोंदाच्या नळीकडे जातो. माझं सांगणं आहे की नळी बाजूला ठेवा आणि पट्टी घ्या.

सैनिक पडू नये म्हणून लावलेला टेकू एवढीच बैठकीची ओळख नाही. बैठक म्हणजे त्या सैनिकाने, किंवा त्याच्या पलटणीने, रणांगणावर व्यापलेली जमीन. प्रशियाच्या फौजेतल्या फॉन राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ मांडला, तेव्हा त्यात माणसांच्या आकृत्या नव्हत्याच. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर ठोकळे सरकवायचे, आणि प्रत्येक ठोकळा त्या तुकडीला लागणाऱ्या जागेच्या मापाचा. त्या खेळात बैठक होती, वर उभा राहणारा शिपाई नव्हता. आजच्या नियमांतही तोच विचार मुरलेला दिसतो. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी १९९० साली निघालेली ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ही नियमावली घ्या. १५ मिमी उंचीच्या सैनिकांसाठी तिथे प्रत्येक बैठकीची दर्शनी रुंदी ४० मिमी, मग वर कोणीही असो. बदलते ती खोली. खांद्याला खांदा लावून लढणारे चार तलवारबाज ४० बाय १५ वर, विखरून लढणारे दोघे ४० बाय २० वर, तीन घोडेस्वार ४० बाय ३० वर, आणि हत्ती एकटा ४० बाय ४० वर. रंग लागायच्या आधीच बैठकीकडे बघून कळतं की ही माणसं कशी लढतात.

सध्या माझ्या टेबलावर असईची लढाई आहे. जालना जिल्ह्यातलं असई, तारीख २३ सप्टेंबर १८०३. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, एवढ्या अंदाजावर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याने पिंपळगावापाशी केळणा नदी ओलांडली आणि तो शिंद्यांच्या फौजेच्या बगलेवर आला. त्याचा होरा असा, की हे वळून उभे राहीपर्यंत आपण त्यांना गाठू. पण शिंद्यांचे कंपू, म्हणजे पलटणींचे गट, कवायती होते. हॅनोव्हरहून आलेल्या पोलमनच्या हाताखालच्या त्या पलटणींनी तोंड फिरवलं आणि केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नवी फळी धरली. या लढाईतला मला सर्वांत जास्त भावणारा क्षण हाच आहे, आणि तो टेबलावर उतरायचा तर बैठकींची मापं चोख हवीत. एका पलटणीचे चोवीस शिपाई चोवीस सुट्या गोल चकत्यांवर असले, तर फळी वळवताना एकेक उचलून ठेवण्यातच संध्याकाळ जाते आणि कवायतीचा सगळा डौल हरवतो. म्हणून चौघे एका ४० मिमीच्या पट्टीवर, अशा सहा पट्ट्यांची एक पलटण. सगळ्या पट्ट्यांची रुंदी तंतोतंत सारखी ठेवली, की फळी दारासारखी बिजागरीवर वळते. दहाबारा जणांच्या चकमकीचा खेळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक माणूस स्वतंत्र चालतो, म्हणून २८ मिमीच्या सैनिकाला २५ मिमीची गोल चकती उत्तम.

चिकटवण्याआधी चौघांना पट्टीवर कोरडंच उभं करून बघा. मागची पट्टीही तिच्या जागी लावा. संगिनी पुढच्याच्या पाठीत घुसतात, कोपरं एकमेकांना अडतात. अशा वेळी मधल्या दोघांना केसभर तिरकं करायचं, पट्टीची रुंदी वाढवायची नाही.

पट्टी कशाची करायची? पुठ्ठा स्वस्त असतो, पण पाणी लागलं की त्याचे पदर सुटतात. मी लेझरने कापलेला एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेली फळी, वापरते. कडा सरळ मिळतात आणि माप चुकत नाही. मात्र एमडीएफसुद्धा पाणी पितो, हे मी एका जुलै महिन्यात शिकले. दोन मिमीच्या तीस पट्ट्यांवर फेविकॉलमध्ये पाणी घालून वाळू पसरली आणि झोपले. सकाळी सगळ्या पट्ट्यांच्या कडा उचललेल्या, भाजलेल्या पापडासारख्या. वरची बाजू वाळताना आक्रसली होती, खालच्या बाजूला तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी तीन मिमी जाड पट्टी घेते, आधी दोन्ही बाजूंना वॉर्निशचा एकेक हात देते, आणि वाळूखालचा डिंक दाटच ठेवते. पट्टी वाकलीच असेल, तर खालच्या बाजूला ओलं बोट फिरवून तिला रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. बऱ्याच सरळ होतात.

आता गोंद. चिकटायला काय आलं आहे, यावर गोंद ठरतो. कडक प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे, सैनिक प्लास्टिकच्याच चकतीवर बसवायचे असतील, तर मॉडेलवाल्यांचं प्लास्टिक सिमेंट घ्या. ते खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, म्हणून तिथे पुढे सांधा असा उरत नाही. धातूवर किंवा रेझिनवर मात्र ते काहीही करत नाही. जुन्या एअरफिक्स पद्धतीचे मऊ सैनिक पॉलिथिनचे असतात आणि त्यांच्यावर कुठलाच गोंद नीट धरत नाही. त्यांच्या तळाला बारीक भोकं पाडा, म्हणजे गोंदाला पकडायला काहीतरी मिळतं.

धातू आणि रेझिनसाठी सगळे झटपट गोंद वापरतात. याचा शोध मोठा गमतीचा. १९४२ साली हॅरी कूव्हर ईस्टमन कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. या गोंदाचं रसायन, सायनोअ‍ॅक्रिलेट, ज्याला त्याला चिकटून बसायचं, म्हणून वैतागून बाजूला पडलं. त्या चिकटपणाचंच मोल १९५१ मध्ये लक्षात आलं आणि १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हा गोंद हवेने वाळत नाही, पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे थर जितका पातळ तितका सांधा पक्का. भरभरून ओतला तर तो आत कच्चा राहतो आणि त्याची वाफ सैनिकावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. दमट दिवसांत लगेच डबा बंद केलात तर हमखास. चिकटवून झाल्यावर सैनिक रात्रभर उघड्यावर ठेवा. एक इशारा मनापासून देते : सांडलेला झटपट गोंद सुती चिंधीने किंवा कापसाने पुसू नका. कापसावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की चटका बसतो, धूरही निघतो. आणि बोटांना लागलेला गोंद काढायचं अ‍ॅसिटोन प्लास्टिकच्या सैनिकांपासून लांब ठेवा, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

इतकं सांगूनही, सैनिक बैठकीवर बसवताना मी झटपट गोंद टाळते. मी पांढरा डिंकच वापरते, फेविकॉलच्या जातीचा, आणि त्यामागे ठाम कारण आहे. टेबलावरून सैनिक पडणारच. पडल्यावर कुठेतरी तुटणार. बैठकीचा सांधा सर्वांत मजबूत असेल तर घोटा तुटतो, नाहीतर संगीन. सांधा थोडा सैल मनाचा असेल तर सैनिक सबंध सुटून येतो आणि पाच मिनिटांत परत उभा राहतो. शिवाय नियमावल्या बदलतात. चाळीसच्या पट्टीवरचे शिपाई उद्या साठच्या पट्टीवर न्यावे लागले, तर पांढरा डिंक पाण्यात फुगतो आणि पातं हलकेच सरकवलं की पाय सुटतात. झटपट गोंदाने बसवलेले असतील तर दोनतीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने तो ठिसूळ होतो आणि नेमका पीळ दिला की सुटतो, पण त्या पिळात माझ्या हातून दोन घोडे पाय गमावून बसले आहेत.

या नियमाला माझ्याकडे एकच अपवाद आहे. वेलस्लीच्या फौजेतल्या ७८ व्या हायलँडर्समधला २८ मिमीचा धातूचा निशाणधारी. एक पाय उचललेला, सगळं वजन डाव्या टाचेवर, वर निशाणाचा भार. इथे डिंक पुरत नाही. हातड्रिलने टाचेत एक मिमीचं भोक, पेपरक्लिपचा चार मिमीचा तुकडा आत, तेवढंच भोक बैठकीत, आणि दोन्हीकडे अराल्डाइटचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. ड्रिल सरळ धरण्यासाठी मी टाच वर येईल असा सैनिक उलटा करून मातीच्या गोळ्यात रोवते आणि पातं वरून फिरवते. घाई केली तर भोक घोट्यातून बाहेर पडतं.

सैनिक जुने असतील, शिशाचे, तर त्यांच्या एमडीएफच्या बैठकी सर्व बाजूंनी वॉर्निशने बंद करा आणि त्यांना हवाबंद लाकडी पेटीत कोंडू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर राखाडी-पांढरी भुकटी धरते आणि सैनिकाला आतपर्यंत खात जाते.

माझी पहिली पलटण आज बसवून झाली आहे, डिंक अजून ओला आहे. पुढच्या भागात वाळू आणि गवत, आणि केळणेच्या काठची काळी माती कुठल्या रंगाने साधायची ते.