आभाळातून येणारं ओझं नेमकं जागेवर कसं उतरतं?

गेल्या बैठकीत पुराच्या बातमीवरून विषय निघाला. आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "विमानातून टाकलेलं धान्य वाऱ्यानं भलतीकडे जात नाही का?" आज त्यावरच बोलू.

ताईंची शंका खरी आहे. आपण चित्रात पाहतो ते गोल पॅराशूट छत्रीसारखं असतं. ते पडण्याचा वेग कमी करतं, पण वारा नेईल तिकडे जातं. मग धान्य कधी नदीत, कधी डोंगरापलीकडे.

यावर उपाय म्हणजे पंखासारखं चौकोनी पॅराशूट. अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांना १९६६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कापडाचे दोन थर, मध्ये कापडाच्याच उभ्या भिंती, त्यामुळे ओळीनं खण तयार होतात. खणांची पुढची तोंडं उघडी, मागची बाजू शिवून बंद. पोत्याचं तोंड वाऱ्याकडे धरलं की ते फुगतं ना, तसंच. फुगलेलं कापड पंखाचा आकार घेतं आणि खाली येताना पुढेही तरंगत जातं.

त्याला वळवतात कसं? मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी दोऱ्या असतात. उजवी ओढली की उजवी बाजू मंदावते आणि पॅराशूट उजवीकडे वळतं. जमिनीजवळ दोन्ही ओढल्या की वेग कमी होतो आणि ओझं हळू टेकतं. माणूस नसेल तर या दोऱ्या मोटर ओढते. आपल्या मोबाइलसारखंच जीपीएस जागा सांगतं आणि छोटा संगणक वाट ठरवतो.

आपल्याकडे आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं ५०० किलो ओझ्यासाठी असं पॅराशूट तयार केलं. डिसेंबर २०२१ मध्ये ५,००० मीटर उंचीवरून ते सोडून दाखवलं.

ओझं वाढलं की कापडही वाढतं. अमेरिकेच्या नासानं एक्स-३८ या चाचणी यानासाठी ७,५०० चौरस फुटांचं पॅराशूट वापरलं. म्हणजे जवळजवळ सात गुंठे कापड! एवढं कापड एकदम उघडलं तर हिसक्यानं फाटेल. म्हणून आधी लहान पॅराशूट वेग कमी करतं, मग मोठं टप्प्याटप्प्यानं उघडतं. इथे प्रत्येक शिवण महत्त्वाची. एक उसवली तर सगळा भार शेजारच्या शिवणीवर येतो. ताई म्हणाल्या, "मग हे आमचंच काम की!"

पण एक लक्षात ठेवा. कापड उघडलंच नाही, तर संगणक काही करू शकत नाही. मार्च २०२४ मध्ये गाझात मदतीची खोकी अंगावर कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या. म्हणून अशी वेळ आलीच, तर पॅराशूटखाली धावू नका, मुलांना जवळ धरा. ओझं पूर्ण टेकू द्या, कापड शांत होऊ द्या, मगच पुढे जा. मदत चार मिनिटं उशिरा हाती आली तरी चालेल.

पुढच्या बैठकीतला प्रश्नही असाच घेऊन येईन. नमस्कार.