बदलती स्मृतिसाधने आणि डेटाबेसच्या साठवण यंत्रणेची रचना

प्रस्तावना :

महाविद्यालयातील प्रवेशाची नोंद असो, बँकेतील खाते असो वा रेल्वेचे आरक्षण असो, त्यामागे एखादा डेटाबेस कार्यरत असतो. माहिती प्रत्यक्ष कोठे ठेवावयाची, ती कशी शोधावयाची आणि मध्येच वीज गेली तरी ती कशी शाबूत राखावयाची, हे ठरविणाऱ्या त्यातील भागास साठवण यंत्रणा अथवा स्टोरेज इंजिन असे म्हणतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीस ती पडत नाही. स्मृतिसाधनांचा वेग बदलला की या यंत्रणेमागील गृहीतकेही तपासून पाहावी लागतात. ती कशी तपासली गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डिस्कने घालून दिलेली चौकट :

रिलेशनल डेटाबेसची संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्याच दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा प्रकल्प उभा राहिला. तेव्हा मेमरी अतिशय महाग होती आणि माहिती फिरत्या चुंबकीय तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, असे. पुढील काळातील, मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीलाही एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळाच. उलट मेमरीतील जागा साधारण १०० नॅनोसेकंदांत वाचता येते. हे अंतर लाखपटीच्या घरात जाते.

त्यामुळे डिस्ककडे जाणे टाळणे हेच रचनाकाराचे मुख्य उद्दिष्ट ठरले. बायर व मॅक्रेट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-ट्रीचे मर्म येथेच आहे. वृक्षाची प्रत्येक गाठ म्हणजे डिस्कवरील एक पान. एका पानातून ३०० फाटे निघत असतील तर तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते.

वाचलेली पाने मेमरीत ज्या राखीव जागेत ठेवतात तिला बफर पूल म्हणतात. त्याची तुलना आपल्या ग्रंथालयाशी करता येईल. मागणी असलेली पुस्तके काउंटरजवळच्या कपाटात, बाकीची तळघरात. आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी नोंदवही ग्रंथपालाच्या टेबलावर. तळघराची फेरी अर्ध्या तासाची असेल तर नोंदवही पाहण्यात गेलेला अर्धा मिनिट कोणी मोजत नाही. पण उद्या सर्वच पुस्तके काउंटरजवळ आली आणि तरीही दरवेळी नोंदवही पाहण्याचा नियम कायम राहिला, तर?

नेमके हेच घडले. हारिझोपोलोस, अबाडी, मॅडन आणि स्टोनब्रेकर यांनी २००८ मध्ये 'शोअर' या साठवण यंत्रणेची, सर्व माहिती मेमरीत असताना, चिरफाड केली. एका नमुना व्यवहारासाठी प्रोसेसरने पार पाडलेल्या एकूण आज्ञांपैकी सुमारे ३५ टक्के बफर पूलच्या व्यवस्थापनात, १६ टक्के लॉक सांभाळण्यात, १४ टक्के अंतर्गत लॅचमध्ये आणि १२ टक्के लॉग लिहिण्यात खर्च होत होत्या. ही व अशी ओझी एकेक करून उतरविल्यावर उरलेले काम ७ टक्क्यांहून कमी होते!

मेमरीनिष्ठ रचना व तिची मर्यादा :

यावर पहिला प्रतिसाद टोकाचा होता : डिस्कची चौकटच सोडून द्यावी. म्युनिक येथील 'हायपर' (२०११) आणि एसक्यूएल सर्व्हर २०१४ मधील 'हेकाटॉन' ही त्याची ठळक उदाहरणे. येथे पानांऐवजी प्रोसेसरच्या कॅशचा विचार प्रधान ठरतो. सामान्यतः प्रोसेसर मेमरीतून एक बाइट मागतो तेव्हा ६४ बाइटची एक ओळ उचलली जाते. म्हणून एकत्र लागणारी माहिती एका ओळीत बसविणे हे नवे कौशल्य झाले.

माझ्या मते या उत्साहात अर्थकारणाकडे दुर्लक्ष झाले. जिम ग्रे व पुटझोलू यांनी १९८७ मध्येच दाखविले होते की, एखादे पान मेमरीत ठेवावे की नाही हा किमतीचा प्रश्न आहे. त्या वेळच्या भावांनुसार पाच मिनिटांतून एकदा तरी लागणारे पान मेमरीत ठेवणे परवडे. फ्लॅशवर आधारलेल्या एसएसडी आल्यावर वाचनाचा वेळ मिलिसेकंदांवरून सुमारे १०० मायक्रोसेकंदांवर आला. त्या मेमरीपेक्षा स्वस्तही आहेत. मग क्वचित लागणारी माहिती महाग जागेत का ठेवावी?

या प्रश्नाचे मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर म्युनिकच्याच 'लीनस्टोअर' (२०१८) या यंत्रणेत आहे. तिने नोंदवहीच काढून टाकली. पान मेमरीत असेल तर त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या पानात थेट मेमरीतील पत्ता लिहिलेला असतो. नसेल तर डिस्कवरील क्रमांक. कोणते, हे एका बिटवरून कळते. जागा रिकामी करण्यासाठी प्रत्येक वाचनाची नोंद ठेवण्याऐवजी काही पाने यदृच्छेने निवडून त्यांचा थेट पत्ता काढून घेतात, पाने मात्र काही काळ मेमरीतच राहतात. कोणी मागितले तर पान परत जागेवर. न मागितल्यास बाहेर. त्यामुळे मेमरीत मावणाऱ्या माहितीवर तिचा वेग मेमरीनिष्ठ यंत्रणांच्या जवळ जातो आणि न मावणारी माहितीही ती सांभाळते.

टिकाऊ मेमरीचा अनुभव :

वीज गेली तरी न पुसणारी मेमरी मिळाली असती तर हा सारा खटाटोप कमी झाला असता. इंटेल व मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये तसे तंत्र जाहीर केले आणि २०१९ मध्ये इंटेलचे 'ऑप्टेन' मेमरीच्या खाचेत बसू लागले. तथापि अडचण निराळ्याच ठिकाणी होती. मेमरी टिकाऊ असली तरी प्रोसेसरची कॅश तशी नव्हती, आणि कॅशमधील ओळी लिहिलेल्या क्रमानेच बाहेर पडतील याची खात्री नसते. 'नोंद पूर्ण' ही खूण आधी पोहोचली व नोंद मागे राहिली, तर वीज परतल्यावर यंत्रणा अर्धवट नोंदीस खरी मानणार. म्हणून आधी नोंद, मग ती बाहेर ढकलण्याची आज्ञा, मग खूण, असा क्रम रचनाकारालाच पाळावा लागे. त्यासाठी अनेक नवे वृक्ष व लॉग रचले गेले. जुलै २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि या रचनांचा आधारच गेला. लीनस्टोअरसारख्या यंत्रणेस याची झळ बसली नाही, कारण तिने कोणत्याही एका साधनावर सर्वस्व पणाला लावले नव्हते.

बी-ट्री शिकविताना गाठीचा आकार डिस्कवरील पानाएवढा का, हे मी विद्यार्थ्यांना विचारतो व बहुतेकांना ते येते. अलीकडे त्यास एक उपप्रश्न जोडला आहे : संपूर्ण वृक्ष मेमरीत असेल तर गाठ केवढी असावी? बरेच जण पुन्हा पानाचाच आकार लिहितात. ६४ च्या पटीत विचार करणारा एखादाच निघतो.