एका माणसातली दोन माणसं

इंग्लंडात रेडिंगला स्थायिक झालेला पुण्याचा एखादा सॉफ्टवेअर इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. नोकरी सोडून तो कंत्राटी कामं घेतो आणि त्यासाठी त्याने छोटीशी लिमिटेड कंपनी काढली आहे. संचालक तोच, भागधारक तोच, राबणाराही तोच. महिन्याला एकच बिल पाठवायचं. खर्च काय, तर लॅपटॉप, विमा आणि रेल्वेची तिकिटं. एवढा जमाखर्च शाळकरी पोरसुद्धा मांडेल! तरीही त्याची कंपनी अकाउंटंटला दरमहा शंभर-सव्वाशे पौंड फी देते. कशाबद्दल?

बेरीज-वजाबाकीबद्दल तर नक्कीच नाही. ती फी आहे एक भिंत उभी ठेवण्याची. ही भिंत विटांची नाही, ती एकाच माणसाच्या मधून जाते. आणि तिचा पाया घातला गेला लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये, बुटांच्या धंद्यात.

आरन सॉलोमन तिथे बूट बनवायचा. 1892 साली त्याने आपला चालता धंदा नव्या कंपनीला विकला. तेव्हाच्या कायद्याने कंपनीला सात सभासद लागत. त्याने बायको आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला आणि स्वतःकडे 20,001 ठेवले. शिवाय धंद्याच्या किमतीपैकी 10,000 पौंड कंपनी त्याला देणं लागते, असं तारण कर्जही लिहून घेतलं. थोड्याच काळात कंपनी बुडाली. धनको म्हणाले, ‘कंपनी कसली? हा सगळा सॉलोमनच! आमचे पैसे यानेच द्यावेत.’ खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलं. पण 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने सांगितलं की कंपनी ही निराळी व्यक्ती आहे. तिचं कर्ज ते सॉलोमनचं कर्ज नव्हे. उलट, त्याचंच कंपनीकडे येणं निघतं!

थांबा, हे नीट मनात उतरू द्या. ज्याने कंपनी काढली, तोच तिचा सावकार ठरला. हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही, अशी एक व्यक्ती कागदावर जन्मली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तिला माणसासारखं उभं केलं.

आता रेडिंगला परत येऊ. आपल्या इंजिनिअरच्या कंपनीच्या खात्यात 6,000 पौंड जमा झाले. कुणाचे? त्याने रात्री जागून कमावलेले असले, तरी त्याचे नाहीत. कंपनीचे. त्यातून त्याने घरचा किराणा भरला तर वहीत काय लिहायचं? आपल्या मराठी जमाखर्चातला जुना शब्द पाहा: ‘नावे’. रक्कम कुणाच्या तरी नावे टाकायची, म्हणजे पलीकडे कुणीतरी माणूस हवाच. म्हणून कंपनीच्या वहीत खुद्द मालकाचं खातं असतं आणि किराणा त्याच्या नावे पडतो. आपल्याच कंपनीचा तो आता ऋणको झाला!

मग पैसे घरी न्यायचे कसे? भिंतीला मोजकी दारं आहेत. एक दार पगाराचं. पगार दिल्याची खबर त्या दिवशी किंवा त्याआधी कर खात्याला द्यावी लागते. दुसरं लाभांशाचं. तो फक्त कर भरून उरलेल्या, साठलेल्या नफ्यातूनच निघतो. त्यासाठी संचालकांची सभा भरवून इतिवृत्त लिहायचं असतं. संचालक एकच असला तरी! तिसरं दार उसनवारीचं. कंपनीकडून घेतलेली उचल हिशेबाचं वर्ष संपल्यावर नऊ महिने आणि एक दिवस उलटेपर्यंत फेडली नाही, तर कंपनीला त्यावर कर भरावा लागतो. आणि गंमत अशी, की पुढे उचल फेडली की तो कर परत मिळतो.

नऊ महिन्यांचा आकडा आणखीही भेटतो. वार्षिक हिशेब कंपनी नोंदणी कार्यालयात द्यायची मुदत नऊ महिन्यांची. एक दिवस जरी उशीर झाला तरी दंड 150 पौंड. सहा महिन्यांहून अधिक झाला तर 1,500. कंपनीवरचा कर नऊ महिने आणि एका दिवसाच्या आत भरायचा. पण तो कर कसा काढला हे सांगणारं विवरणपत्र मात्र बारा महिन्यांपर्यंत चालतं! म्हणजे उत्तर आधी, रीत मागाहून. या सगळ्या तारखा त्या निराकार व्यक्तीच्या आहेत. तिला त्यांची आठवण कोण ठेवणार? इथे अकाउंटंट तिची स्मरणशक्ती होतो.

सरकारही अधूनमधून भिंतीवर टकटक करतं. 2000 सालापासून लागू असलेला एक नियम विचारतो: मध्ये कंपनी नसती, तर हा माणूस त्या ग्राहकाचा साधा नोकरच ठरला असता का? तसं असेल तर करही नोकराच्या हिशेबाने. नियमाचं प्रचलित नाव आयआर 35. ते आलं 1999 मधल्या एका सरकारी प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून!

आणि आता माझं सगळ्यात लाडकं आश्चर्य. अकाउंटंटची फी हा कंपनीचा खर्च, म्हणून तो आपलीच फी तिच्या वहीत लिहितो आणि तेवढ्याने तिचा करपात्र नफा कमी होतो. पण त्याच फीमध्ये मालकाचं वैयक्तिक विवरणपत्र धरलेलं असेल, तर तेवढा भाग कंपनीचा नव्हे, माणसाचा! तो कंपनीने भरला, तर मालकाला मिळालेली सवलत म्हणून त्यावरही कर लागू शकतो. बघा, भिंत थेट फीच्या बिलामधून गेली.

ही भिंत आता आपल्याकडेही आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने भारतात एका व्यक्तीच्या कंपनीला मान्यता दिली. तिथे सुरुवातीलाच एक नामनिर्देशित व्यक्ती नेमावी लागते, कारण मालक गेला तरी कंपनी मागे राहते.

तेव्हा एकट्याची कंपनी काढणार असाल, तर पहिल्याच दिवशी तिचं वेगळं बँक खातं उघडा. आणि अकाउंटंटला ‘फी किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘यात कंपनीचं काम कोणतं आणि माझं कोणतं?’ हेही विचारा. ज्याच्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, त्यालाच वह्या सोपवा.