अग्रिम कर : संचयावस्थेतच करावयाची चिकित्सा

दोष संचयावस्थेत असतानाच त्याचे निर्हरण करावे, प्रकोपाची वाट पाहू नये, हे सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालाचे सार आपण रुग्णांना नित्य सांगतो. आयकराच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी अनेक व्यवसायबंधू व्याधी व्यक्तावस्थेत आल्यावरच, म्हणजे विवरणपत्र भरण्याच्या सुमारास, जागे होतात. तोवर व्याज चढलेले असते आणि कराचे पैसे औषधांच्या खरेदीत किंवा घरखर्चात गेलेले असतात.

नोकरदाराचा कर दरमहा पगारातून कापला जातो. ठाकुरद्वार, मुगभाट, फणसवाडी या परिसरातील चिकित्सालयांत रुग्ण शुल्क हातात देतो किंवा मोबाइलवरून भरतो. त्यातून कोणी कर कापीत नाही. म्हणून कायद्याने हे काम करदात्यावरच सोपविले आहे. ही पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, १९२२ च्या आयकर कायद्यात तिचा समावेश झाला. १९६१ च्या कायद्याने ती चालू ठेवली आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ती कायम आहे.

कोणी व केव्हा भरावा?

वर्षाच्या अंदाजित करातून कापला गेलेला कर, म्हणजे टीडीएस, वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक देणे राहत असेल तर अग्रिम कर भरावा लागतो. साठ वर्षे पूर्ण झालेल्या निवासी नागरिकांना सूट आहे. पण धंद्याचे वा व्यवसायाचे उत्पन्न नसेल तरच. सत्तरीतही सकाळ-संध्याकाळ रुग्ण तपासणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांना ती मिळत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. तसेच रुग्णालयाने मानधनातून १० टक्के कर कापला म्हणजे सारे भागले, असेही नाही. आपले उत्पन्न वरच्या टप्प्यात असेल तर उरलेला फरक आपणच भरावयाचा असतो.

एकूण कराच्या १५ टक्के १५ जूनपर्यंत, ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि संपूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत भरावी. २०१६ पूर्वी कंपन्यांव्यतिरिक्त इतरांना पहिला हप्ता सप्टेंबरात असे. ती जुनी सवय अंगवळणी पडलेल्यांचा जूनचा हप्ता आजही चुकतो.

न भरल्यास काय होते?

समजा, एका वैद्यांचा वर्षाचा कर दोन लाख रुपये आहे व टीडीएस काहीच नाही. त्यांनी एकही हप्ता भरला नाही, तर पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर दरमहा १ टक्का दराने प्रत्येकी तीन महिन्यांचे व्याज लागते : ९००, २,७०० आणि ४,५०० रुपये. मार्चच्या हप्त्यावर एका महिन्याचे २,००० रुपये. ही बेरीज १०,१०० रुपये होते. याखेरीज ९० टक्क्यांपेक्षा कमी अग्रिम कर भरला म्हणून १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का वेगळे व्याज सुरू होते. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. कर जुलैत भरला तर चार महिन्यांचे ८,००० रुपये. एकूण १८,१०० रुपये निष्कारण गेले. हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून वजाही मिळत नाही. शिवाय विवरणपत्रासोबत अपुरी रक्कम भरली, तर ती आधी विलंबशुल्क व व्याजात जमा होते आणि मूळ कर थकीतच राहतो.

अंदाज थोडा चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. जूनपर्यंत १२ टक्के व सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरले असतील, तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही.

अनुमानित उत्पन्नाची सवलत

वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असलेल्या वैद्यांना जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याचा पर्याय आहे. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ही मर्यादा ७५ लाख होते. औषधालयांना दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, उत्पन्न धरता येते. हा पर्याय घेणाऱ्यांना संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरण्याची मुभा आहे. मात्र एकच हप्ता म्हणजे एकदम मोठी रक्कम. तिची तरतूद वर्षभर करावी लागते.

गिरगावचा विशेष प्रश्न

मेट्रो-३ च्या कामाने आणि पुनर्विकासाने गिरगाव-काळबादेवीतील अनेक जुन्या इमारती गेल्या. पागडीच्या जागेतील चिकित्सालयाचा भाडेहक्क सोडून मोबदला घेतला, तर तो भांडवली नफा ठरू शकतो आणि त्या वर्षाचा कर अचानक वाढतो. असा नफा आधी कळणे शक्य नसते, हे कायदा मान्य करतो. व्यवहारानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत त्यावरील कर भरल्यास आधीच्या हप्त्यांच्या तुटीचे व्याज लागत नाही. मात्र मोबदल्याची रक्कम नव्या जागेत गुंतविण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे.

पथ्य

आयकर नियमांतील दैनिक रुग्णनोंदवहीच्या नमुन्यात वैद आणि हकीम यांचा नावानिशी उल्लेख आला आहे. ही वही रोज भरली तर तिमाहीचा अंदाज तासाभरात निघतो. जमेचा ठरावीक हिस्सा दर आठवड्यास वेगळ्या बचत खात्यात टाकावा. औषधालयाचे मालक जीएसटीची रक्कम स्वतःची मानीत नाहीत. आयकराकडेही त्याच दृष्टीने पाहावे. ऑनलाइन भरणा करताना वर्ष व कराचा प्रकार दोनदा तपासून चलन जपून ठेवावे. सनदी लेखापालांची भेट जुलैत घेण्याऐवजी प्रत्येक हप्त्यापूर्वी आठ दिवस घ्यावी. महर्षी कर्वे रस्त्यावरील आयकर भवन गिरगावाहून फार दूर नाही. परंतु हे पथ्य पाळणाऱ्यास थकबाकीपायी तेथे खेटे घालण्याची वेळ सहसा येणार नाही.